आत्याचा बल्ब, माझा हीटर

आत्या, तुझ्या कारखान्यात ऊब होती, पण ती आमच्यासाठी नव्हती.

खाडीचा बांध फुटला, आमच्या खाचरात खारं पाणी शिरलं आणि भात पिकायचं बंद झालं. बाबा मिठागरावर कामाला जाऊ लागले. मिठाच्या पाण्याने त्यांच्या पायांना अशा भेगा पडल्या की चप्पल चढवता येईना. मग एक दिवस आईने भांडी गोणत्यात भरली आणि आम्ही तिघं हमरापूरला तुझ्या दारात येऊन उभे राहिलो. तू बाबांची थोरली बहीण. तुझे यजमान गेल्यावर गणपतीचा कारखाना एकटीने चालवणारी. तू आम्हाला आत घेतलंस, हे मी नाकारत नाही. पण घेताना म्हणालीस काय, तर "मागल्या पडवीत ऱ्हावा. मूर्तींना धक्का लागता कामा नये."

मागली पडवी म्हणजे मूर्ती सुकवायची जागा. पावसाळ्यात हवा अशी दमट की शाडूची मूर्ती वरून कोरडी दिसली तरी आतून ओलीच. म्हणून तू मांडण्यांवर पत्र्याच्या टोपीखाली दोनशे वॅटचे पिवळे बल्ब लावायचीस. वर देवांच्या अंगावर उन्हासारखा उजेड आणि खाली फरशीवर आमची दमट गोधडी. मी एकदा एक बल्ब जरासा आमच्या बाजूला वळवला. तू माझं मनगट धरून मला बाजूला केलंस. "देव आधी, मंग मानसं." मी तेव्हा दुसरीत होते. देव कुणाला म्हणायचं, हे मला त्या दिवशी नीट कळलं. ज्याच्यासाठी दिवा लावतात तो देव.

एकदाच तू स्वतः दिवा वळवला होतास. मला ताप भरला होता, थंडी वाजत होती. तू एका मोठ्या मूर्तीवरचा बल्ब काढलास आणि माझ्या पायांशी आणून ठेवलास. दुसऱ्या दिवशी त्या मूर्तीच्या सोंडेला बुरशी आली. ताप उतरला, पण ती सोंड तू मला जन्मभर ऐकवलीस. पाहुणे आले की सांगायचीस, "हिच्यापायी एक गणपती गेला माझा." लोक हसायचे. मला हसू यायचं नाही.

मागच्या आठवड्यात तुझ्या तेराव्याला हेच लोक आले होते. तुझं किती चांगलं बोलले! तुझ्यासारखी डोळ्यांची आखणी पेण तालुक्यात कुणाला जमली नाही, तुझा गणपती समोर उभ्या असलेल्या माणसाकडेच बघायचा, मुंबईचे लोक तुझ्या हातचे डोळे मागून घ्यायचे. सगळं खरं. मी वाटीतली खीर चमच्याने ढवळत ऐकून घेतलं. तुझ्याबद्दल चांगलं बोलायला पुष्कळ जण आहेत. उरलेलं मी बोलते.

करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवायची, श्वास पूर्ण सोडायचा आणि पुढचा घ्यायच्या आधी रेघ ओढून मोकळं व्हायचं, हे तू मला शिकवलंस. आज कंपनीच्या लॅबमध्ये काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडताना माझा हात हलत नाही, तो तुझ्यामुळे. हेही लिहून टाकते. उद्या कुणी म्हणायला नको की नमीने नुसतं वाईटच लिहिलं.

पण तू ते शिकवलंस ते मला कारखान्यात बसवायला. बारावी झाल्यावर मी रोह्याच्या कॉलेजात जाते म्हटलं, तेव्हा तू रंगाच्या वाटीतून मानसुद्धा वर केली नाहीस. "शिकून काय करशील गो? बाटल्या धुशील." मी शिकले. एसटीने जाऊन-येऊन शिकले, सुट्टीत तुझ्याच मूर्तींची पितांबरं रंगवून शिकले आणि बी.एस्सी. झाले. बाबांच्या घरात आणि आईच्या घरात मिळून पदवी घेणारी पहिली मी. हे मी कुणालाही मोठ्याने सांगते, मला त्यात लाज वाटत नाही. पेढे घेऊन तुझ्याकडे आले तेव्हा तू एक पेढा तोंडात टाकलास, चघळलास आणि म्हणालीस, "साखर जास्त झालीय." त्यापुढे काही येईल म्हणून मी थांबले होते. तू हात धुवायला गेलीस.

म्हणून गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी तुला धूळ आणि रंगाचा फवारा दोन्ही बंद केले, छातीत काही उरलेलं नाही असं सांगितलं, आणि "माझ्याकडे चल" असं मी म्हटलं, तेव्हा ते प्रेमाने म्हटलं असं समजू नकोस. आईबाबांना कारखान्याच्या आवारातून हलता येत नव्हतं आणि तिथल्या हवेत तुला श्वास घेता येत नव्हता. माझ्या रोह्याच्या दोन खोल्यांत धूळ नव्हती. इतकंच.

तू आलीस ती एका पिशवीत दोन लुगडी, आखणीचे ब्रश आणि पत्र्याच्या टोपीसकट एक दोनशेचा बल्ब घेऊन.

"बल्ब कशाला आत्या?"

"माझा हाय. मागं ठेवला तर फोडतील मेले."

माझ्याकडे तेव्हा मासा होता. बेट्टा, निळ्या अंगाचा, लाल शेपटीचा, एकटाच. बेट्टा एकटाच ठेवायचा असतो, दुसरा दिसला की फाडतो. बारा लिटरची काचेची टाकी, त्यात एक शेवाळाचा गोळा आणि हवेवर चालणारा स्पंजचा फिल्टर. आमच्या घरात आजवर आलेली प्रत्येक वस्तू कामाची होती. हा मासा ही माझी पहिली बिनकामाची खरेदी. मी त्याच्याकडे बघत चहा प्यायचे, तेवढ्यासाठी आणला होता.

तू आल्यापासून तो माझा राहिला नाही. टाकीसमोर खुर्ची ओढून तू दिवसभर बसायचीस. मी कामावरून आले की तक्रारी तयार. "शेपटीला पिवळा कमी पडलाय याच्या. लालावर पिवळ्याची झाक मारली असती तर उठून दिसला असता." मी म्हटलं, मासा रंगवत नाहीत. तू म्हणालीस, "कुणीतरी रंगवला असंलच ना?" त्याला मी नाव ठेवलं नव्हतं. तू ठेवलंस. मेल्या. "मेल्या, इकडं बघ. मेल्या, खा की." खालच्या मजल्यावरच्या रिबका मावशी पहिल्यांदा वर आल्या तेव्हा दारातच थबकल्या. त्यांना वाटलं, तू मला बोलतेयस.

थंडी पडली. रोह्याला नदीच्या बाजूने सकाळी गारवा येतो, तुला तो हमरापूरला कधी लागला नसेल. मासा तळाशी जाऊन बसला. पंख अंगाला चिकटवलेले, रंग उतरलेला, दाणा समोर गेला तरी तोंड उघडेना. मी पाण्यात थर्मामीटर सोडला. एकोणीस. बेट्टाला सव्वीसच्या आसपास पाणी लागतं. मी म्हटलं, हीटर आणायला हवा.

तू इतकी हसलीस की खोकल्याची उबळ आली. "कोकणात माशाला शेगडी! अगं, नदीतल्या माशांना कोन हीटर लावतो?"

"नदी मोठी असते आत्या. तिचं पाणी सावकाश थंड होतं. आणि हा आपल्या नदीतला नाही, गरम पाण्याच्या देशातला आहे."

"मंग आणलास कशाला त्याच्या देशातून?"

मी थर्मामीटर पुसून डबीत ठेवला.

त्या रविवारी तुला पेणला डॉक्टरांकडे दाखवायचं होतं. त्याच फेरीत रामवाडीतल्या माशांच्या दुकानात जायचं ठरवलं. एसटीत तू कंडक्टरला तिकिटाच्या आधी बातमी दिलीस, "ही माझी भाची. माशाला शेगडी घ्यायला चाललीय. कॉलेज शिकलीय ना!" कंडक्टर हसला. मागच्या बाकावरच्या बायका हसल्या. वाटेतलं गडब गाव येईपर्यंत अख्ख्या गाडीला कळलं होतं. गडबला भाजीची टोपली घेऊन चढलेल्या बाईलाही तू ते पहिल्यापासून सांगितलंस.

दुकानात मात्र तू बाजू बदललीस. दुकानदाराने शंभर वॅटचा लांबलचक हीटर काढून ठेवला. "हाच न्या मॅडम. उद्या टाकी मोठी केलीत तर तोच कामाला येईल." मी नकारार्थी मान हलवली. तू पुढे सरसावलीस.

"घे की मोठा! दुकानदार सांगतोय तो काय येडा हाय?"

"आत्या, बारा लिटर पाणी आहे. वाटीभर दुधाखाली कुणी भट्टी पेटवत नाही."

"मला नको शिकवू. मूर्ती वीतभर असो नायतर पुरुषभर, दिवा मोठाच लावायचा. जास्त वाटलं तर मूर्ती लांब सरकवायची."

"मासा कुठे सरकणार? चारी बाजूंनी काच आहे."

तू दुकानदाराकडे बघितलंस, तो माझ्याकडे बघत होता. मग मी दोघांनाही नीट सांगितलं. हीटरमध्ये थर्मोस्टॅट असतो, पाणी हवं तितकं तापलं की तो आपोआप बंद करतो. पण ही वस्तू कधीतरी बिघडते, आणि बिघडली की चालूच राहते. मोठा हीटर असा अडकला तर माझी शिफ्ट संपायच्या आत मासा शिजेल. लहान अडकला तर पाणी हळूहळू तापेल, मी घरी येईपर्यंत वेळ मिळेल. म्हणून लहान टाकीला लहानच हीटर, पंचवीसचा, आणि थर्मोस्टॅटवाला. दुकानदाराने मग बशीएवढी एक चपटी चकती दाखवली, बरणीतल्या माशांसाठी. तिला थर्मोस्टॅटच नव्हता. खोली गार असो की गरम, ती आपली तापतच राहणार. मी तीही नको म्हटलं. पंचवीसचा त्याच्याकडे नव्हता, मुंबईहून मागवावा लागणार होता. मी सांगितलं, मागवा, मी थांबते.

बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "दोन-दोन हीटर समोर ठेवले त्यानं, आणि ही हात हलवत निघाली. शिकलेल्या माणसाला वस्तू सुद्धा घेता येत नाय." परत येताना एसटीत तू कुणाशी बोलली नाहीस. मला ते बरं वाटलं.

मधल्या दिवसांत मी टाकीला तिन्ही बाजूंनी जुनी शाल गुंडाळली, वर काचेचं झाकण ठेवलं. पाणी एखाद-दुसऱ्या अंशाने वर आलं. मासा हलत होता, पण खात नव्हता. दुकानातून फोन आला नव्हता.

आणि त्या दिवशी मी कंपनीतली पहिली पाळी करून दुपारी घरी आले.

दार उघडताच मला हमरापूरचा वास आला. तापलेल्या पत्र्याचा. तुझा बल्ब टाकीवर लटकत होता, खुर्चीच्या पाठीला सुतळीने बांधलेला. शाल काढून घडी करून ठेवलेली. झाकण बाजूला. बल्बला सॉकेट हवं म्हणून फिल्टरचा प्लग काढलेला. तू टाकीला तळहाताची मागची बाजू लावून बसली होतीस. तो हात मी ओळखते. ओली मूर्ती हाताच्या मागच्या बाजूला गार लागते, आतून वाळली की गार लागायची थांबते, तोवर दिवा हलवायचा नाही. अख्खं हमरापूर असंच बघतं. तू काचेला हात लावत होतीस, खालच्या बाजूला, काच गार लागत होती आणि तू दिवा हलवत नव्हतीस.

मासा वर आला होता. एका कोपऱ्यात, तोंड पाण्याबाहेर, कल्ले भराभर हलत. मी आधी बल्ब ओढून काढला. थर्मामीटर वरच्या पाण्यात धरला. चौतीस. तळाशी नेला. एकवीस. फिल्टर बंद, पाणी फिरायचं थांबलेलं, वर तापलेलं आणि खाली गार. त्या मुक्या जिवाला वर जावं तर भाजत होतं आणि खाली जावं तर काकडत होतं.

"काय केलंस हे?"

"ऊब दिली. तू दुकानदाराची वाट बघत बस. मासा मरून जाईल तवर."

"मारायला तूच बसली होतीस! ही मूर्ती नाही आत्या, आत जीव आहे!"

तू हात काढून घेतलास. लुगड्याला पुसलास. आणि म्हणालीस, "माझ्या मूर्तींत जीव नाय म्हनतेस?"

मी तोंड उघडलं, तोच तुला खोकला सुरू झाला. तो थांबेचना. मी पाणी आणलं, पाठीवर हात फिरवला, श्वासाचा पंप दिला. उत्तर राहिलं. नंतर तू विचारलं नाहीस आणि मीही काढलं नाही. दोन माणसांच्या घरात काही दिवस फक्त माशाशी बोलणं चालू होतं. तू त्याला मेल्या म्हणायचीस, मी त्याला बाळा म्हणायला लागले, मुद्दाम.

ते उत्तर आता देते, कारण आता तुला खोकला येणार नाही. तुझ्या मूर्तीला बुरशी लागली तर तू ती मोडून पुन्हा साच्यात घालत होतीस. तीच माती, तेच नाक, तेच कान. वर डोळे काढलेस की झालं. माझ्या माशाचा साचा नव्हता. माझाही नव्हता. दोघांवरही तू एकच बल्ब धरलास आणि काच गार लागते का ते बघत राहिलीस. हे तुला त्या दिवशी सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "धरला ना पन? कोन धरतो?" तेही मला माहीत आहे. तुझ्या बाजूचं भांडणसुद्धा मलाच भांडावं लागतंय, इतकी तू माझ्या डोक्यात बसली आहेस. या गोष्टीचा मला फार राग येतो.

मासा वाचला. शेपटीची एक कड मात्र झडली.

हीटर आला तो बोटभर लांबीचा. मी तो टाकीच्या मागच्या बाजूला तळाशी आडवा चिकटवला, फिल्टरच्या जवळ, म्हणजे तापलेलं पाणी सगळीकडे फिरेल. थर्मामीटर दुसऱ्या टोकाला लावला. वायर आधी खाली लोंबू दिली आणि मग सॉकेटकडे नेली, कारण वायरवरून ओघळणारं पाणी तिथेच गळून पडायला हवं. मग हात पुसून बसले.

तुझ्याने राहवेना. "लावलास तर चालू का नाय करत?"

"थांबायचं. हीटरची काच आधी पाण्याइतकी गार होऊ दे."

"पूजाच हाय तुमची कॉलेजवाल्यांची."

मग मी बटण दाबलं. बारकासा लाल दिवा लागला. तू पुढे वाकलीस, मागे रेललीस. "येवढासा?" संध्याकाळी पाणी सव्वीसवर पोहोचलं आणि दिवा विझला. तू टाळी वाजवलीस. खरोखरची टाळी. "बंद पडला! फसवलं तुला त्यानं!"

"बंद पडला नाही. पाणी तापून झालं. थंड झालं की परत लागेल."

लागला. मग तू त्याच्यामागे लागलीस. मी भाकरी करत असायचे आणि बाहेरून तुझा आवाज यायचा. "लागला." जरा वेळाने, "गेला." मासा खाऊ लागला. रंग परत आला. एक दिवस पाण्यावर कोपऱ्यात बुडबुड्यांचा फेस दिसला. तू मला ओरडून बोलावलंस. "मेला थुंकतोय बघ सगळीकडं!" मी सांगितलं, तो घरटं बांधतोय. बेट्टाचा नर पाण्याला ऊब असली, जिवाला बरं वाटलं की असं बांधतो, मादी नसली तरी. तू बराच वेळ त्या फेसाकडे बघत बसलीस. मला वाटलं, आता म्हणेल. आता तरी म्हणेल की नमे, तुझं बरोबर होतं. इतकंच हवं होतं मला. दुसरं काही मी तुझ्याकडे कधी मागितलं नाही.

तू म्हणालीस, "बायकू नाय आन घर बांधतोय. खुळा."

मग तो शेवटचा दिवस. मी पहाटे पाळीला निघाले होते. तू जागी होतीस, उशांना टेकून. "मेल्याला घातलंस का?" मी म्हटलं, घातलं. "मंग जा." त्या सकाळी नऊच्या सुमारास रिबका मावशी चहा घेऊन वर आल्या आणि त्यांनी मला कंपनीत फोन केला. तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं माशाबद्दल झालं. माझी पाळी किती वाजता सुटते हेसुद्धा तू विचारलं नाहीस.

मी रडले. तुझ्यासाठी रडले की त्या न झालेल्या वाक्यासाठी, ते मला विचारू नकोस. टाकीसमोरची ती खुर्ची मी अजून जागची हलवलेली नाही, एवढं मान्य करते. शिफ्टवरून आले की अजून "गेला" ऐकू येईल म्हणून मी दारात क्षणभर थांबते. हेही मान्य करते. पुढचं मान्य करत नाही.

दहाव्याला खाडीच्या काठावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर होते, चार-पाच होते, माना वाकड्या करून बघत होते, खाली येत नव्हते. बाबांनी हात जोडून सांगितलं, कारखाना बंद पडू देणार नाही. नाही आले. कुणीतरी म्हणालं, तुझे ब्रश नीट ठेवू. नाही आले. ऊन चढलं. मग आई माझ्या कानाशी लागली.

"नमे, तू बोल गो. तिचा मासा हाय ना तुझ्याकडं."

"तिचा?"

"बोल ना. म्हन, आत्या, तुझा मासा सांभाळीन. तू निवडलेला तो हीटर बंद करणार नाय."

मी आईकडे वळले. "तिने निवडलेला?"

"मंग! फोनवर रोज सांगायची की. 'पोरगी शंभराचा मोठा घेत होती, मी म्हटलं लहान घे, मोठ्यानं मासा शिजंल.' तिनं तुला अडवलं म्हनून तर वाचला तो."

सगळे माझ्याकडे बघत होते. कावळेही. मी हात जोडले आणि जे बोलण्यासारखं होतं ते बोलले. "आत्या, मासा सांभाळते."

कावळे जागचे हलले नाहीत.

"हीटरचं म्हन," आई कुजबुजली.

मी हीटरचं म्हटलं नाही. बाबांनी माझ्याकडे विनवणीच्या नजरेने बघितलं तरी म्हटलं नाही. तुझी तिथे काय इच्छा अडकली होती ते मला स्वच्छ दिसत होतं. तुला माझ्याच तोंडून, सगळ्यांसमोर, ते हवं होतं. जे मी आयुष्यभर तुझ्या तोंडून मागत होते, तेच तू मेल्यावर माझ्याकडून मागत होतीस, आणि तेही खोटं. शेवटी गुरुजींनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला टेकवला. लोक उठले. तू हटली नाहीस, मी हटले नाही. बाबा घरी जाताना म्हणाले, "दोघी सारख्याच." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

तेराव्यानंतर रोह्याला परत आले. या सगळ्या दिवसांत टाकीकडे रिबका मावशींनी बघितलं होतं. त्यांची मुलं इस्रायलला स्थायिक झालीत, बोलायला कुणी नसतं, म्हणून तुमचं दोघींचं जमलं होतं. मी चावी घ्यायला गेले तर त्यांनी हाताला धरून बसवलं.

"तुझी आत्या फार हुशार बाई गं. मला सगळं समजावून दिलं होतं. म्हणून मी न घाबरता बघितलं टाकीकडे."

"काय समजावलं?"

"हेच, की लहान टाकीला लहान हीटर का. मोठा अडकला तर पोरगी शिफ्टवरून यायच्या आत मासा शिजेल. लहान अडकला तर पाणी हळूहळू तापेल, वेळ मिळेल. आणि वायर आधी खाली लोंबू द्यायची, म्हणजे पाणी तिथेच गळतं. आणि पाणी बदलताना प्लग आधी काढायचा, मग काच थंड होऊ द्यायची. दोनदा माझ्याकडून घोकून घेतलं. चुकले तर ओरडली सुद्धा."

माझे शब्द. एक न गाळता. रामवाडीच्या दुकानात मी जे बोलले ते, टाकीसमोर बसून जे बोलले ते. म्हणजे तू ऐकत होतीस. तोंड फिरवून, हसून, एसटीभर माझी थट्टा करून, तू एकेक शब्द ऐकत होतीस आणि साठवत होतीस. तुला ते पटलं होतं. इतकं पटलं होतं की ते तुला तुझंच हवं झालं. हे कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता, असं रिबका मावशींचं मत आहे. त्या म्हणाल्या, "अगं, याहून मोठं कौतुक कुठलं?"

मला कौतुक असं चोरून नको आहे. तू मला एक वाक्य देणं लागत होतीस. ते तू आईला दिलंस, मावशींना दिलंस, बहुतेक त्या एसटीच्या कंडक्टरलाही दिलं असशील, आणि प्रत्येक वेळी माझं नाव काढून तिथे तुझं नाव घातलंस. मूर्तीच्या पाठीवर कारखान्याचा शिक्का मारायचीस तसा. आता तुझ्याशी भांडायचं म्हटलं तर समोर तू नाहीस, आणि हमरापूरपासून रोह्यापर्यंत सगळे तुझ्याच बाजूचे आहेत. उद्या मी कुणाला खरं सांगितलं तर लोक म्हणतील, मेलेल्या बाईशी हीटरवरून भांडते.

भांडते. तू असतीस तर तूही भांडली असतीस.

तुझा बल्ब मी टाकून दिलेला नाही. टोपीसकट कपाटावर ठेवलाय. वीज गेली तर तो काही कामाचा नाही, आणि वीज असली तर हीटर आहे. तरी ठेवलाय. का ते तुला सांगणार नाही.

आत्ता हे लिहिताना टाकी समोर आहे. लाल दिवा लागला होता, आता गेला. झडलेली शेपटी भरून येतेय. नव्याने आलेली कड जरा पिवळसर आहे, तुला आवडली असती. कोपऱ्यात परत फेस केलाय मेल्याने.

तर आत्या, तुझ्या माघारी का होईना, हे लिहून ठेवते. पंचवीस वॅटचा हीटर मी निवडला. पाणी सव्वीस अंशांवर आहे. मासा जिवंत आहे.